गुलाबावरचा भाडेकरू

आमच्या दुकानात माणसं किडे घेऊन येतात. कुणी आगपेटीत, कुणी रुमालाच्या गाठीत, आणि एकजण तर चापटीनं मारलेला किडा तसाच तळहातावर चिकटवून आला होता. काउंटरवर ठेवायचं आणि विचारायचं, "हे काय आहे आणि ह्याच्यावर काय मारू?" कुंड्या, खतं, बियाणं, खुरपी हे सगळं मालक बघतात, किडे माझ्याकडे. इतकी वर्षं बघून बघून डोळा तयार झालाय. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी, पानं गुंडाळणारी अळी. नाव सांगितलं की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. निम्म्या वेळा मी म्हणते, "काही मारू नका, आपोआप जाईल," आणि मागून मालक घसा खाकरतात.

माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, फक्त तोंडावर कुणी म्हणत नाही. पण औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते ती त्या जिभेमुळेच. मालकांना हवी ती गिऱ्हाइकं मालक गोड बोलून सांभाळतात, नको ती मी परतवते.

तो म्हातारा आला तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, दाढी नीट केलेली. म्हणाला, "गुलाबासाठी औषध हवंय. सगळ्यात जालीम असेल ते."

"कशावर?"

"किड्यावर."

"कुठला किडा?"

तो जरा गोंधळला. "किडा म्हणजे... किडाच."

मी कपाट उघडून बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. आता तो विचारेल म्हणून थांबले. औषध घेणारा माणूस गप्प बसूच शकत नाही. किती पाण्यात मिसळायचं, मांजर त्या झाडाखाली झोपतं त्याचं काय, फवारल्यावर फुलं किती दिवस तोडायची नाहीत, वास घरात येतो का. भंडावून सोडतात. ह्यानं बाटली हातात धरली, तिच्यावरचं अक्षरही वाचलं नाही आणि खिशात हात घातला.

ते मला खटकलं. ह्याला कारण होतं. माझे मोठे दीर गेले, त्या वेळी ज्या दुकानातून त्यांनी बाटली घेतली होती तिथला माणूस आमच्या दारात येऊन रडला होता. एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता, "त्यांनी काहीच विचारलं नाही हो. मला वाटलं, माहीतगार असतील." तेव्हा मी ह्या धंद्यात नव्हते. पुढे आले, आणि ते वाक्य माझ्याबरोबर काउंटरच्या आत आलं.

मी म्हाताऱ्याच्या हातातून बाटली काढून घेतली. सरळ ओढलीच म्हणा ना.

"किडा बघितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही," मी म्हटलं.

"तसा नियम आहे?"

"आहे."

नियम कसला डोंबलाचा! तोंडातून बाहेर पडला तेव्हाच तो जन्माला आला. चौकातल्या दुसऱ्या दुकानात कुणी कुणाला काही विचारत नाही, हे मला माहीत होतं. म्हातारा तिकडे वळला असता तर मी काय करणार होते? पण त्याचा चेहरा बघून वाटलं, हा नियम पाळणाऱ्यातला आहे. मी म्हटलं, "झाडाजवळ बसा, पानं उलटी करून बघा. जो दिसेल तो जिवंत घेऊन या. मेलेला चालणार नाही, मेल्यावर रंग बदलतो." हेही अर्धं खोटंच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून झाडलोट चालली होती तेव्हा तो पायरीवर उभा. हातात मुरंब्याची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. माझा जीव खाली पडला. तरी मी रागावल्यासारखंच म्हटलं, "आणलात का पाहुणा?"

बरणीत गुलाबाची एक डहाळी होती आणि तिच्यावर मुगाच्या दाण्याएवढं एक पिल्लू. अंगावर काळे-पांढरे पट्टे, मागचे पाय अंगापेक्षा मोठे, पंखांचा पत्ता नाही. आणि मिशा! अंगाच्या चौपट लांब, केसासारख्या बारीक. दोन्ही मिशा हलवत ते आम्हाला चाचपत होतं.

मी एका नजरेत ओळखलं. नाकतोड्याचं पिल्लू, लांब मिशांच्या जातीचं. टोळाच्या मिशा आखूड आणि जाड असतात, ह्याच्या अशा. मोठेपणी हे हिरवंगार होतं, पंख मिटून बसलं की पान कुठलं आणि किडा कुठला कळत नाही. गुलाबाच्या पाकळ्या खातं, कोवळ्या पानांना भोकं पाडतं, ह्यापलीकडे कुणाचं वाकडं करत नाही. एरवी मी म्हटलं असतं, "राहू द्या त्याला," आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं असतं.

पण मग म्हाताऱ्याला माझ्याकडे यायचं काय कारण उरलं असतं?

"सांगता येत नाही अजून," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"लहानपणी हे सगळे सारखेच दिसतात. हा पानं खाणारा असेल, नाहीतर दुसऱ्या किड्यांना मारून खाणाराही असेल. दुसरा असला तर तो तुमच्या झाडांचा राखणदार. औषध मारलंत तर राखणदारच मारलात. थोडा वाढू द्या. एकदा कात टाकली की बघू."

म्हाताऱ्यानं बरणी डोळ्यांजवळ नेली. मग वरच्या खिशातून एक काळं भिंग काढलं आणि सवयीनं डोळ्यात बसवलं. मी विचारलं, तर म्हणाला, "घड्याळं दुरुस्त करायचो. आता कोण घड्याळ दुरुस्त करतं?" बराच वेळ तो बघत राहिला. "ह्याच्या पुढच्या पायांना, गुडघ्याखाली, फट आहे बारीक."

"ते कान आहेत त्याचे."

"गुडघ्यात?"

"मेंदू गुडघ्यात असलेली माणसं मी रोज बघते. ह्याचे निदान कान तरी आहेत."

म्हातारा हसला. म्हणजे तोंड वाकडं झालं जरासं, पण मी ते हसण्यातच धरलं. मी त्याला बरणी कशी ठेवायची ते सांगितलं: वर जाळी, रोज ताजी डहाळी, पाण्याचा हलका शिडकावा, कात टाकताना उलटं लटकेल तेव्हा हात लावायचा नाही. "आणि बुधवारी घेऊन या."

अशा तऱ्हेनं घड्याळकाका आमच्याकडे बुधवारचे झाले. पिल्लाचं नाव त्यांनी भाडेकरू ठेवलं होतं. "न विचारता राहायला आला, जेवतो माझ्याकडे आणि घर माझंच कुरतडतो," ते म्हणायचे. हळूहळू बाकीचं कळत गेलं. गुलाब बायकोनं लावलेले. ती गेल्यापासून त्यांनी झाडांकडे बघितलंही नव्हतं. मी किडा आणायला पाठवलं त्या दिवशी पहिल्यांदा अंगणात बसले. मुलगा लांब असतो, दर रविवारी फोन करतो. "बरे आहात ना, विचारतो. मी हो म्हणतो. मग तो हवा विचारतो."

घरपोच सामानाचं निमित्त करून मी मुलाचा नंबर मागून घेतला आणि त्याला फोन केला. बाबांची तब्येत ठीक वाटत नाही, मनानं खचलेत, एकदा येऊन जा, असं जमेल तेवढं सांभाळून सांगितलं. तो म्हणाला, "पण मी रविवारीच बोललो त्यांच्याशी. मजेत होते. कुठल्यातरी किड्याबद्दल सांगत होते." आवाजात थोडा संशय होता, ही दुकानातली बाई कोण मध्येच. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय त्या माणसाची आई आहेस?" मग त्याला त्याचा दादा आठवला असावा. अर्धं ताट टाकून तो उठला. हात धुताना म्हणाला, "बुधवारची सुट्टी घेऊ नकोस."

भाडेकरूनं कात टाकली. काकांनी तो सगळा सोहळा खुर्ची ओढून बघितला होता. "उलटा लटकला, पाठ उकलली, आणि मिशा अशा बाहेर ओढल्या, एवढ्याशा जागेतून एवढ्या लांब! मी घड्याळातली केसाएवढी हेअरस्प्रिंग बसवताना सुद्धा इतकी नाजूक ओढ बघितली नाही. आणि बाई, नंतर त्यानं ती कात खाल्ली!"

"मग? वाया घालवतो की काय?"

"आता सांगा. कुठला तो?"

मी भिंग मागून घेतलं, डोळ्यात बसवायचा प्रयत्न केला, ते दोनदा पडलं. पिल्लू वाटाण्याएवढं झालं होतं, पट्टे फिकट होऊन खालून हिरवा रंग फुटत होता. "नाही सांगता येत अजून," मी म्हटलं.

घड्याळवाल्या माणसाला फसवणं सोपं नसतं. पुढच्या बुधवारी ते म्हणाले, "मारून खाणाऱ्याला सोंड असते ना? ह्याला जबडा आहे. पाकळी कातरताना मी पाहिलं." मी सपशेल अडकले. मग म्हटलं, "नाकतोड्यातला निघाला तर! पण त्यातही जाती आहेत. काही पाल्याबरोबर मावाही खातात. पंख आल्याशिवाय नक्की कळत नाही." हे मात्र खरं होतं. गंमत बघा, खोटं बोलता बोलता मी अशा जागी येऊन पोचले जिथे मलाही ठाऊक नव्हतं.

मालकांना हे काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण मालकांच्या पोटात काही राहत नाही. काकांच्या समोरच त्यांनी हळहळ केली असती. आणि काका तेवढ्यानं परत आले नसते.

मग मला ताप आला. साधा, हंगामाचा, पण उठवेना. नेमका बुधवार. नवरा म्हणाला, मी जाऊन बसू का दुकानात? मी म्हटलं, झोपू दे मला, ते उद्या येतील. दुसऱ्या दिवशी डोकं धरून दुकानात गेले तर मालक एकदम खुशीत.

"बाई, तुमचा तो बरणीवाला आला होता. पूर्ण पंख फुटलेत त्याच्या किड्याला. मी लांबूनच ओळखला! म्हटलं, अहो, हा नाकतोडा, ह्यात बघायचं काय? पानं खातो, फवारा आणि मोकळे व्हा. बिचाऱ्याला किती महिने हेलपाटे घालायला लावलेत तुम्ही. गिऱ्हाइकाशी असं वागायचं असतं का?"

"बाटली दिलीत?"

"दिली की. कपाटाची दुसरी किल्ली आहे माझ्याकडे."

"त्यांनी काय विचारलं?"

"काही नाही. आभार मानून गेला. सज्जन माणूस."

मी आल्या पावली तशीच बाहेर पडले. मालक मागून हाका मारत होते. घर मला पत्त्यावरून ठाऊक होतं, आत कधी गेले नव्हते. रस्ताभर मी मालकांना, मुलाला, तापाला, ज्याला त्याला बोल लावत होते. मनातलं तोंड बंद झालं की भीती वाटायची.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिंतीवर घड्याळंच घड्याळं, सगळी चालू, एका ठेक्यात. बाकी घरात काहीच चालू नव्हतं. मोरीत भांडी, दोरीवर कधीचे वाळत घातलेले कपडे. काका दिव्याखाली कामाच्या टेबलाशी बसले होते. समोर बरणी, बरणीशेजारी बाटली. बाटलीचं सील शाबूत होतं, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी बघितलं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग मला एवढं चालवलंत कशाला? वय बघा माझं."

मला एरवी उत्तरं सुचायला वेळ लागत नाही. तेव्हा एकच सुचलं. "तुम्ही विचारलं नाहीत."

"काय?"

"किती पाण्यात मिसळायचं ते. झाडावर मारणारा माणूस पहिलं हेच विचारतो. तुम्ही नाही विचारलंत."

त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, पुन्हा पुसलं. "हो," ते म्हणाले. "तेवढं राहून गेलं." एखादा स्क्रू लावायचा राहिला असावा, तशा आवाजात.

मला रडू फुटलं. तापानं म्हणा. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी पाणी पीत असताना बरणी माझ्याकडे सरकवली. भाडेकरू आता माझ्या करंगळीएवढा झाला होता, पानासारखे हिरवे पंख, त्यांच्यावर शिरासुद्धा. शेपटाशी वर वळलेलं विळ्यासारखं पातं, अंडी घालायचं.

"भाडेकरू नाही हो हा," मी नाक पुसत म्हटलं. "भाडेकरीण आहे."

"ते तुमच्या मालकांना नाही कळलं," ते म्हणाले. "आणि हे बघा. आज सकाळी दिसलं."

डहाळीवर एका कडेनं चपट्या, राखाडी चकत्या ओळीनं चिकटवल्या होत्या, एकीवर एक जराशी चढलेली. मी भिंगातून पाहिलं.

"अंडी आहेत."

त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. "फुटतील कधी?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. ही पिल्लाची मोठी झाली ती बरणीत, एकटी. नर तिनं जन्मात पाहिला नाही. तिची अंडी म्हणजे नुसती टरफलं. पण बाटली माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती आणि त्यांच्याही.

"थंडी गेली की," मी म्हटलं. "नवी पालवी फुटते तेव्हा. आता ती बाटली द्या."

"नाही."

"काका..."

"अंडी फुटेपर्यंत हात लावणार नाही. पुढचं मला विचारू नका." मी बाटलीकडे नेलेला हात मागे घेतला.

दुकानात परत येऊन मी मालकांना सगळं सांगितलं. ते बियाण्यांच्या पोत्यावर मटकन बसले. तेव्हापासून बुधवारी काका आले की मालक स्वतः आतून खुर्ची आणतात, फडक्यानं पुसतात आणि मागे जाऊन उगीच कुंड्या मोजतात.

भाडेकरीण थंडीत मेली. काकांनी तिला गुलाबाखाली पुरलं. त्यानंतर ते बरणीत नुसती डहाळी घेऊन यायचे, आणि मी भिंगातून बघून म्हणायचे, "अजून वेळ आहे." ते मान हलवायचे, थोडा वेळ बसायचे, गिऱ्हाइकं काय काय आणतात ते बघायचे. एका बाईनं आणलेला मावा त्यांनी माझ्याआधी ओळखला. त्या दिवशी मला वाटलं, निभावलं बहुतेक.

मग पालवी फुटायला लागली आणि माझी झोप उडाली. मी ठरवलं, कुठून तरी एक पिल्लू मिळवायचं. टाचणीच्या डोक्याएवढं, नुकतं निघालेलं, आणि बुधवारी भिंग लावायच्या निमित्तानं हळूच बरणीत सोडायचं. सार्वजनिक बागेत गुलाबांचे मोठे वाफे आहेत. दुकानात जायच्या आधी मी रोज तिकडे जायला लागले. पानं उलटी करत, कळ्या वाकवत, गुडघ्यांवर. माळी ओरडायचा, "बाई, फुलं तोडायची नाहीत!" फुलं कुणाला हवी होती? एकही पान कुरतडलेलं नव्हतं. एकही भोक नाही. त्या वाफ्यांवर पाखरू टिकत नव्हतं, आणि टिकणार कसं? माळ्याला औषध दरवर्षी आमच्याच दुकानातून जातं. किती पाण्यात मिसळायचं ते मीच सांगते.

काल काका आले. काल सोमवार. खुर्चीवर बसले नाहीत. हातात बरणी नव्हती. खिशातून भिंग काढून त्यांनी काउंटरवर, माझ्या हाताजवळ ठेवलं.

"हे तुमच्याकडे राहू द्या. तुम्हाला उपयोगी पडेल."

"आणि तुम्हाला?"

"मला आता काय बघायचंय?" ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. "ती रिकामी आहेत, बाई. उजेडासमोर धरून पाहिली. आत काही नाही. एकटीनं घातलेली, फुटणार कशी?"

किडे ओळखण्यात माझी चूक होते कधी कधी. हे ओळखण्यात चूक व्हायची शक्यताच नव्हती. मी पिशवी उचलली आणि काउंटरच्या बाहेर आले. मालक माझ्या जागी येऊन उभे राहिले. काका म्हणाले, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "तुमच्याकडे." ते पुढे निघाले, मी मागून.

टेबलावर बाटली होती. ह्या वेळी सील तुटलेलं होतं. बाटली भरलेलीच होती, अगदी गळ्यापर्यंत.

"कधी उघडलीत?"

"दोन-तीनदा उघडली."

"मग?"

"मग काय. बुधवार यायचा. वाटायचं, बाई वाट बघत असतील, भिंग डोळ्यातून पाडत." ते खिडकीतून गुलाबांकडे बघत होते. "आता बरणी नाही."

"बरणी नसली तरी या."

"येऊन करू काय?"

खोटं बोलायची ताकद आता संपली होती. मी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पिशवीत घातली. त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला आणि ह्या वेळी काहीही न सांभाळता, आहे ते आहे तसं सांगितलं. मग तो म्हणाला, निघतो, पण इथून पोचायला दोन-तीन दिवस लागतील. मी फोन काकांच्या हातात दिला. ते "हो, हो" म्हणत राहिले.

रात्री नवरा त्यांच्याकडे झोपायला गेला. सकाळी मी गेले, मोरीतली भांडी घासली, आणि ते बघत बसले. निघताना मी दारात थांबले.

"उद्या बुधवार. याल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा बरणीत पिल्लू बघितलं होतं तितक्या बारकाईनं.

"सांगता येत नाही अजून," ते म्हणाले.

दुकानाकडे यायच्या रस्त्यावर चौक लागतो. तिथल्या त्या दुसऱ्या दुकानात मी इतक्या वर्षांत पाय ठेवला नव्हता, नाक वर करून पुढे जायचे. आज आत गेले. काउंटरवरच्या माणसानं मला ओळखलं, चेष्टेनं म्हणाला, "काय हो, तुमच्याकडचा माल संपला वाटतं?" मी त्याला सांगितलं: म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. गुलाबासाठी औषध मागतील. आले तर म्हणायचं, किडा बघितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही.

त्याची चेष्टा विरली. "तसा नियम आहे?"

"आहे," मी म्हटलं, आणि पुढचं दुकान कुठे आहे ते त्यालाच विचारलं.